ऐकू येतं, कळत नाही

गेल्या पावसाळ्यात मी माझ्या लेकीसाठी गिटारचं एक पेडल घरी बनवलं. "विकत मिळत असताना हा खटाटोप कशाला?" असं तिनेही विचारलं आणि तिच्या आईनेही. खरं कारण मी दोघींनाही सांगितलं नाही. अब्बांशी माझं बोलणं बंद झालं होतं, आणि ते सुरू करायला मला काहीतरी निमित्त हवं होतं.

अब्बांचं मिरजेत रेडिओ आणि अँप्लिफायर दुरुस्तीचं दुकान होतं. चाळीस वर्षं त्यांनी ते चालवलं. जोडीला लाउडस्पीकर भाड्याने द्यायचं काम. लग्न असो, उरूस असो, गणपती असो की निवडणूक, अब्बांचे कर्णे सगळीकडे असायचे. आता त्यांचं वय ७६. दुकान बंद होऊन सहा वर्षं झाली आणि तेव्हापासून ते घरात हळूहळू गप्प होत गेले. जेवताना आम्ही बोलत असायचो, ते ताटात बघत बसायचे. काही विचारलं तर भलतंच उत्तर यायचं. एकदा नातीने चहा देताना विचारलं, "साखर हवी का अजून?" तर म्हणाले, "भाकर नंतर खातो." ती हसली. मीही हसलो. ते हसले नाहीत.

मी आवाज चढवून बोलायला लागलो. टीव्हीवरून रोज खटके उडायचे. कानाचं मशीन लावून घ्या म्हटलं की त्यांचं उत्तर तयार असे, "स्टेशनपलीकडच्या मशिदीतली फजरची अजान मला अंथरुणात ऐकू येते. तुम्ही सगळे तेव्हा घोरत असता. आणि मला बहिरा म्हणतोस?" हे खरंच होतं. घरात सगळ्यांच्या आधी तेच उठतात, गजर न लावता. त्यामुळे माझी खात्री होत गेली की यांना ऐकू सगळं येतं, फक्त आमचं ऐकायचं नसतं. एका रात्री मी तेच ओरडून म्हणालो, "तुम्हाला ऐकायचंच नसतं!"

ते मात्र त्यांना नीट ऐकू गेलं. त्यानंतर आठ दिवस आमच्यात सलामापलीकडे शब्द नव्हता.

त्याच दिवसांत लेकीने डिलेचा हट्ट धरला. ती १५ वर्षांची आहे, दोन वर्षांपासून इलेक्ट्रिक गिटार वाजवते. डिले म्हणजे विहिरीत ओ दिल्यावर होतं तसं. तार छेडली की मूळ सूर वाजतो, क्षणभराने तोच सूर पुन्हा येतो, जरा हळू, मग आणखी हळू. डिजिटल पेडल सुराचे आकडे करून साठवतं, त्यामुळे त्याची आवर्तनं मुळासारखीच स्वच्छ येऊ शकतात. ॲनालॉगमध्ये आकडे नसतात. सूर विजेच्या दाबाच्या रूपातच पुढे सरकतो आणि प्रत्येक फेरीत थोडा झिजतो, गोल होतो. लेकीला तो झिजलेला आवाज हवा होता.

मी सर्किटचा कागद घेऊन अब्बांच्या खोलीत गेलो आणि त्यांच्यासमोर बसलो. त्यांनी चष्मा लावला.

"काय आहे?"

"इको आहे, अब्बा."

"टेप कुठाय?"

हा प्रश्न दुसऱ्या कुणी विचारला नसता. तरुणपणी कव्वालीच्या कार्यक्रमांसाठी त्यांनी तीन हेडच्या स्पूल टेपरेकॉर्डरचा इको केला होता. एक हेड आवाज टेपवर उतरवतं, पुढचं तो वाचतं. टेप सेकंदाला साडेसात इंच पळते आणि दोन हेडमध्ये दीड इंच अंतर असेल, तर आवाज ०.२ सेकंद उशिरा येतो. तो थोडासा पुन्हा आत सोडला की आवर्तनं सुरू. हे सगळं त्यांनी मला हाताने दाखवत सांगितलं. अर्धा तास गेला. खोलीत शांतता होती, मी समोर होतो, आणि मला एक शब्दही दुसऱ्यांदा सांगावा लागला नाही. तेव्हा ते माझ्या लक्षात आलं नाही.

"टेप नाही," मी म्हणालो. "टेपच्या जागी चिप आहे."

१९६९ साली फिलिप्सच्या प्रयोगशाळेत सँगस्टर आणि टीर या दोन संशोधकांनी ही युक्ती मांडली. तिचं नाव बकेट ब्रिगेड. आग विझवायला माणसं रांगेत उभी राहून बादल्या पुढे सरकवतात, त्यावरून हे नाव. अब्बांना मी स्लॅबचं उदाहरण दिलं. स्लॅब भरताना खालपासून वरपर्यंत मजूर उभे राहतात आणि घमेली हातोहात वर जातात. चिपमध्ये तसे ४०९६ टप्पे असतात, प्रत्येक टप्प्याला एक बारीक कपॅसिटर. प्रत्येक जण आपल्याजवळचा विद्युतभार शेजाऱ्याला देतो. घमेलं किती भरलंय, त्यात सूर असतो. क्लॉक हा मुकादम. त्याच्या ठोक्यावर घमेली सरकतात. मुकादम सावकाश झाला की घमेलं वर उशिरा पोचतं, डिले वाढतो.

अब्बांनी लगेच पकडलं, "पण ज्याच्या हातात घमेलं आहे, तो दुसरं कसं घेईल?"

बरोबर. म्हणूनच या रांगेत एकाआड एक मजूर रिकाम्या हाताने उभा असतो. क्लॉकच्या एका पूर्ण फेरीत घमेलं दोन हात पुढे जातं. त्यामुळे हिशेब असा, की टप्प्यांच्या संख्येला क्लॉकच्या दुपटीने भागायचं. बॉस कंपनीच्या १९८१ सालच्या डीएम-२ पेडलमध्ये ४०९६ टप्प्यांची एक चिप होती आणि कमाल डिले ३०० मिलिसेकंद. म्हणजे त्या टोकाला क्लॉक साधारण ६.८ किलोहर्ट्झवर येतो. लेकीला याहून लांब डिले हवा होता, म्हणून मी एमएन३२०५ जातीच्या दोन चिपा एकापुढे एक लावायचं ठरवलं. एकूण ८१९२ टप्पे. क्लॉक १३.६५ किलोहर्ट्झ ठेवला तर ३०० मिलिसेकंद, ६.८ ठेवला तर ६००.

काम सुरू झालं. दुकानातलं टेबल माडीवर आणलं. डाख द्यायचं काम अब्बांनी माझ्याकडून काढूनच घेतलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांची नजर माझ्यापेक्षा चांगली आहे. माझा डाख गोळ्यासारखा बसायचा, त्यांचा बशीसारखा पसरून चकाकायचा. मागवलेल्या दोन चिपांपैकी एक मुकी निघाली. अब्बांनी नातीकडून नेलपॉलिश रिमूव्हर मागून घेतलं आणि कापसाचा बोळा चिपेच्या पाठीवर फिरवला. छापलेला नंबर पुसला गेला. "रंगवून विकलीय," ते म्हणाले. किती दिवसांनी त्यांना असं खूश झालेलं पाहिलं!

नवी चिप आली, तेव्हा बायसचा प्रीसेट लावायची वेळ आली. चिप फक्त एका ठरावीक दाबाच्या आसपासच सूर नीट वाहून नेते. त्याच्या वर-खाली गेलं की आधी खरखर होते आणि मग आवाज बंद. अब्बांनी स्क्रू ड्रायव्हर घेतला, लेकीला एकच तार वाजवत राहायला सांगितलं आणि डोळे मिटले. मला वाटलं, झालं. ते म्हणाले, "थांब." आणि केसभर आणखी फिरवला. सुराच्या शेपटीला जी बारीक भुरभुर होती, ती गेली. मला ती आहे हेच कळलं नव्हतं.

"जवारीच आहे ही," ते म्हणाले. मिरजेत सतारमेकरांच्या दुकानांत त्यांचं लहानपण गेलं. तिथे घोडीवर हलक्या हाताने कानस फिरवत, तार छेडत, पुन्हा घासत कारागीर तासन् तास बसलेले असतात. खुली जवारी झणझणते, बंद जवारी गोल बोलते. मोजायला यंत्र नाही, कानच यंत्र.

बंद जवारी आम्हाला पुढे फिल्टरमध्येही भेटली. मुकादम सेकंदाला ठरावीक वेळाच घमेली भरून घेतो. त्याच्या निम्म्याहून वेगाने थरथरणारा सूर आत शिरला, तर बाहेर तो भलत्याच सुराच्या वेषात येतो. ६.८ चं निम्मं ३.४. म्हणून चिपेच्या आधी आणि नंतर अशा दोन चाळण्या लावल्या, ३ किलोहर्ट्झच्या वरचं अडवणाऱ्या. चिपेचा स्वतःचा फसफस आवाजही असतो. त्यावर कंपँडर. तो सुराचा लहान-मोठेपणा जाताना दाबतो, येताना पुन्हा पसरवतो, आणि मधली फसफस त्यात खाली बसते.

एका रविवारी दुपारी पेडल बोललं. लेकीने एक सूर छेडला आणि तो खोलीत पाच-सहा वेळा फिरून विरला. तिने आवर्तनाचा नॉब पूर्ण फिरवला, तेव्हा सूर विरायच्या ऐवजी फुगत गेला आणि घर दणाणलं. अब्बा हसून म्हणाले, "माईक कर्ण्यासमोर धरल्यासारखं झालं." खालून बायको ओरडली. सगळे खुशीत होते.

मग लेक म्हणाली, "पप्पा, ही शिट्टी कसली?"

मला शिट्टी ऐकू येत नव्हती. डिले ३०० मिलिसेकंदांवर होता. आम्ही अब्बांच्या जुन्या स्टिरिओवर ऐकत होतो, त्याला ट्वीटर आहेत. गिटारच्या अँपचा स्पीकर इतक्या वरचे सूर जवळजवळ वाजवतच नाही, तिथे ही भानगड लपून गेली असती. मी नॉब हळूहळू फिरवला. साधारण ३५० च्या पुढे मलाही ती ऐकू आली. डासासारखी, बारीक. क्लॉकचाच आवाज बाहेर झिरपत होता. लेकीने ती साडेतेरा किलोहर्ट्झवर ओळखली, मी साडेअकराच्या आसपास. ती १५ ची, मी ४७ चा. वय वाढतं तसे कान वरून खाली बंद होत येतात, हे मी वाचलं होतं. स्वतःवर पहिल्यांदाच मोजत होतो.

अब्बा आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत होते. "काय झालं?"

"शिट्टी येतेय, अब्बा."

त्यांनी कान स्पीकरकडे केला. मी नॉब पुढे नेला. ४००. ५००. लेकीने कानावर हात ठेवले. ६००. आता ६.८ किलोहर्ट्झची शिट्टी खोलीभर होती, मला दात आंबल्यासारखं होत होतं. अब्बा ट्वीटरला कान लावून वाकले होते.

"आता आहे?"

"आहे."

"आताही?"

"हो, अब्बा."

ते सरळ झाले. चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला. काहीच बोलले नाहीत. ज्या माणसाने दहा मिनिटांपूर्वी माझ्या कानाला न कळलेली भुरभुर पकडली होती, त्याला ही शिट्टी नव्हतीच. मला त्यांच्याकडे बघवेना. मी पेडलची वायर काढायला लागलो.

"थांब, उलटं कर ते," ते म्हणाले.

बोर्ड उलटा केला. त्यांनी टॉर्च मारला. क्लॉकची वायर आणि बाहेर जाणाऱ्या आवाजाची वायर मी एकत्र बांधून नेली होती, नीटनेटकं दिसावं म्हणून. ग्राउंडही वाटेत दोन-तीन ठिकाणी जोडत गेलो होतो. "शिट्टी ऐकायला कशाला पाहिजे?" ते म्हणाले. "तिची वाट दिसते की." त्यांनी वायरी वेगळ्या केल्या, आवाजासाठी शिल्डची वायर टाकली, सगळी ग्राउंड एका ठिकाणी आणली. त्यांनी आयुष्यभर अँप्लिफायरमधला हम असाच काढला होता. चिपेला दोन आउटपुट असतात. ती समतोल असली की क्लॉकचा बराचसा अंश एकमेकांना मारून टाकतो. त्यासाठीचा प्रीसेट राहिला होता. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर लावला आणि म्हणाले, "आता तू ऐक आणि सांग."

मी सांगत गेलो. कमी झाली. आणखी. आता वाढली. मागे घ्या. बस. त्यांचा हात आणि माझा कान. अगदी टोकाला थोडी शिट्टी उरली, म्हणून आम्ही कमाल डिले ५०० वरच थांबवला.

त्या रात्री मला झोप लागेना. माडीवर गेलो. मोबाइलमध्ये माझ्याच आवाजात दोन शब्द रेकॉर्ड केले, साखर आणि भाकर. मोबाइल पेडलला जोडला, मूळ आवाज बंद केला आणि फक्त आवर्तनं ऐकली. पहिल्यांदा दोन्ही शब्द कळत होते. प्रत्येक फेरीला आवाज पुन्हा त्याच चाळण्यांतून जात होता. चौथ्या-पाचव्या फेरीला स गेला होता, ख बोथट झाला होता. दोन्ही शब्दांतून एकच काहीतरी येत होतं, आ-अ-अ. शब्द माहीत नसता तर मी जे जवळचं वाटेल ते धरलं असतं. मी अँपचा आवाज वाढवला. तेच मोठ्याने यायला लागलं. आणखी वाढवला. कळेना ते कळेचना.

स, श, फ, त, ख यांना वेगळं करणारी सुरसुर आणि फुंकर वरच्या पट्टीत असते. स्वर खालच्या पट्टीत. अजानमधले लांबच लांब स्वर पहाटेच्या शांततेत सहज पोचतात, आणि तिचे शब्द तर अब्बांना पाठ आहेत. नातीचं भरभर बोलणं, भांड्यांचा आवाज, वर टीव्ही, यात व्यंजनं हरवतात. त्यांना ऐकू येत होतं हे त्यांचं म्हणणं खरं होतं. कळत नव्हतं हे आमचं म्हणणंही खरं होतं. मी मात्र दोन वर्षं फक्त आवाज वाढवत होतो, आणि तो वाढवता वाढवता त्यात राग मिसळत होतो.

सकाळी मी त्यांना हे सांगितलं. आमच्या घरात वडिलांची माफी थेट मागायची पद्धत नाही. मागितली तर तेच अवघडतात. मी कागदावर फिल्टरची रेघ काढली, सपाट जाणारी आणि मग उतरणारी, आणि कुठली अक्षरं उताराच्या पलीकडे पडतात ते लिहिलं. ते बराच वेळ बघत राहिले.

"म्हणजे माझी चाळणी खाली आलीय," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "तू त्या दिवशी ओरडलास ते सगळं कळलं होतं मला."

"माहीत आहे, अब्बा."

पुढच्या आठवड्यात ते स्वतःहून तपासणीला आले. काचेच्या खोलीत बसून बटण दाबत राहिले. आलेख हातात आला. एक हजार हर्ट्झपर्यंत जवळजवळ ठीक, दोन हजारांच्या पुढे घसरण. डॉक्टर म्हणाल्या, वय आहे आणि इतकी वर्षं मोठ्या आवाजाजवळ काढली आहेत. अब्बांनी आलेख निरखून त्यांना सांगितलं, "हा लो-पास आहे." त्या हसल्या. मशीन कसं चालतं हे त्यांनी समजावलं. हळू आवाज जास्त उचलायचे, मोठे कमी, शिवाय वरच्या पट्टीला जास्त मदत. अब्बा माझ्याकडे वळून म्हणाले, "कंपँडरचा भाऊ."

मशीन लावलं की सगळं ठीक होतं, असं नाही. पहिले पंधरा दिवस ते वैतागले होते. वर्तमानपत्राचं पान उलटलं तरी कानात पत्रा वाजल्यासारखं होतं म्हणायचे. जे वरचे सूर पूर्ण गेले आहेत, ते मशीनही आणू शकत नाही. आम्हालाच काही सवयी बदलाव्या लागल्या. बोलायच्या आधी समोर जायचं. टीव्ही बंद करायचा. ओरडायचं नाही, सावकाश बोलायचं. दुसऱ्यांदा सांगताना तेच वाक्य जोरात म्हणण्याऐवजी शब्द बदलून म्हणायचं. यातलं काहीही अवघड नव्हतं. आधी सुचलं कसं नाही, याची लाज वाटते.

पेडल लेक रोज वापरते. डब्यावर नाव काय लिहायचं म्हणून तिने विचारलं, तर अब्बा म्हणाले काही नको, नॉबच्या बाजूला आकडे लिही म्हणजे पुरे. ती वाजवायला बसली की ते मशीन लावून माडीवर जातात आणि एकदा तरी विचारतात, "शिट्टी नाही ना?" ती नाही म्हणते.

माझ्याशी बोलताना मात्र कधी कधी ते मशीन काढून खिशात ठेवतात. म्हणतात, तुझं सगळं पाठ आहे.